लोखंड आणि लय

आमच्या व्यायामशाळेत रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास एक भांडण ठरलेलं असतं. ते वजनांवरून नसतं, बारवरूनही नसतं. ते असतं स्पीकरवरून. कोणाचा मोबाईल स्पीकरला जोडायचा, हा वाद! एकाला हिंदी सिनेमातली ठेक्याची गाणी हवी असतात, दुसऱ्याला पंजाबी. तिसऱ्याला इंग्रजी हवी असतात, ज्यातला एक शब्द त्याला स्वतःलाही कळत नाही. आणि कोपऱ्यात एक शांत मुलगा ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग घेऊन आपला नंबर कधी लागतो, याची वाट पाहत उभा असतो.

मी वेटलिफ्टिंगचा प्रशिक्षक. गेली पंचवीसएक वर्षं मुलामुलींना बार कसा धरावा, कसा ओढावा हे शिकवतो आहे. या वादात मी फार दिवस लक्ष घातलं नव्हतं. गाण्याने काय वजन हलकं होतं का, असं माझं साधं मत होतं. मग एका स्पर्धेत माझ्या डोळ्यांदेखत असं काही घडलं, की हा विषय मला मुळापासून समजून घ्यावा लागला. काय घडलं ते पुढे सांगतोच. त्याआधी थोडं मागे जाऊ.

कष्ट आणि लय यांची सोबत आपल्याला नवी नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणायची, ती कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे. पायलीभर दळण संपायचं तर मन कुठेतरी गुंतायला हवं, म्हणून. गोदामात चार हमाल मिळून एखादी अवजड पेटी उचलतात, तेव्हा एकजण आरोळी देतो आणि बाकीचे तिला साथ देतात. तिथे मन रमवण्याचा प्रश्न नसतो. चौघांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे, एवढाच हेतू असतो. आणि कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडू लागते, ती कशासाठी? पैलवानाचं आणि बघणाऱ्यांचंही रक्त तापावं यासाठी.

म्हणजे बघा, ओवी, आरोळी आणि हलगी. तिन्हींत लय आहे, पण तिघींची कामं निराळी. एक वेळ सुसह्य करते, दुसरी जोराचा क्षण जुळवते, तिसरी अंगात वीज भरते. आज व्यायामशाळेत स्पीकर लावताना आपण या तीन कामांची गल्लत करतो आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी ओवीचं काम पाहू. व्यायाम करताना किती दमलो, हे ठरवण्याचं एक माप आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ते तयार केलं. व्यायाम करणाऱ्याने आपल्याला किती कष्ट वाटताहेत ते सहा ते वीस यांमधल्या एका आकड्याने सांगायचं. यात गंमत अशी, की तेच काम, तेच वजन, पण कानावर आवडीचं गाणं असेल तर माणूस आकडा कमी सांगतो. याचं कारण सोपं आहे. आपलं लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. त्यातला काही भाग गाण्याने व्यापला, की दुखणाऱ्या स्नायूंची तक्रार ऐकायला तेवढी कमी जागा उरते.

संगीत आणि व्यायाम यांवर लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागेऑर्गिस अनेक वर्षं काम करत आले आहेत. त्यांनी आणि पीटर टेरी या संशोधकाने इतर सहकाऱ्यांसह २०२० मध्ये या विषयावरच्या १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की संगीतामुळे व्यायाम करताना बरं वाटतं, कष्ट कमी वाटतात आणि कामगिरीतही सुधारणा होते. ही सुधारणा खरी असते, पण लहान असते. हे ‘लहान’ विसरायचं नाही. गाणं लावलं म्हणून कोणी रातोरात पैलवान होत नाही.

आता आमच्या लोखंडाकडे वळू. २०१५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी वजनांच्या व्यायामाची सवय असलेल्या ३१ पुरुषांना दोन परीक्षा दिल्या. त्या बेंच प्रेसच्या होत्या, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपासून वर ढकलण्याच्या. पहिली परीक्षा अशी : जास्तीत जास्त किती वजन एकदाच ढकलता येतं? दुसरी अशी : त्या वजनाच्या साठ टक्के वजन थकेपर्यंत किती वेळा ढकलता येतं? दोन्ही परीक्षा एकदा स्वतःच्या आवडीच्या गाण्यासोबत आणि एकदा गाण्याविना घेतल्या. निकाल मोठा बोलका आहे. थकेपर्यंतच्या परीक्षेत गाण्याने सुमारे सहा टक्क्यांची भर पडली. एकदाच उचलायच्या कमाल वजनात मात्र फरक पडला नाही.

असं का व्हावं? तापलेल्या तव्याला हात लागला, तर स्वयंपाकघरातल्या रेडिओवर त्या वेळी काय चाललं होतं, हे कोणाला आठवतं? शरीराची हाक एका मर्यादेपलीकडे गेली, की लक्ष सगळं तिकडेच जातं. हलक्या आणि मध्यम वजनाच्या दहा-पंधरा आवर्तनांत मनाला भटकायला जागा असते. तिथे गाणं ओवीचं काम करतं. आपल्या ताकदीच्या टोकाला असलेलं वजन हातात आलं, की तिथे ओवीला जागाच नसते.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सगळे प्रयोग एकाच सुरात बोलत नाहीत. २०१२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात आवडीच्या संगीताने बेंच प्रेसची आवर्तनं वाढली नाहीत, पण वजन घेऊन उडी मारताना सुरुवातीचा जोर अधिक वेगाने लागला. तरीही एक मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो, तो म्हणजे निवडीचा. स्वतःच्या आवडीचं गाणं ज्याला ऐकायला मिळतं, त्याला नावडतं गाणं ऐकणाऱ्यापेक्षा अधिक लाभ होतो. तेव्हा संध्याकाळी सहाचं ते भांडण अगदीच पोरकट म्हणता येणार नाही. प्रत्येकजण आपापल्या परीने बरोबरच असतो!

आता हलगीकडे येऊ. १९९६ मध्ये कारागेऑर्गिस आणि सहकाऱ्यांनी पन्नास जणांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजली. काहीवेळा आधी चेतवणारं संगीत ऐकवलं, काहीवेळा शांतवणारं, तर काहीवेळा नुसती यांत्रिक खरखर. चेतवणाऱ्या संगीतानंतर पकड सर्वांत घट्ट निघाली आणि शांतवणाऱ्या संगीतानंतर सर्वांत सैल, अगदी त्या खरखरीपेक्षाही सैल. म्हणजे जोर लावण्याआधी कानावर काय पडतं, याने फरक पडतो. तुम्ही सकाळी व्यायामाला निघताना अंगाई ऐकत असाल, तर जरा विचार करा.

पण मग रक्त जितकं तापेल तितकं चांगलं का? तर तसं नाही. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक नियम पुढे आला. उत्तेजना वाढते तशी कामगिरी सुधारते, पण एका टोकापर्यंतच. त्यापुढे ती ढासळते. आणि काम जितकं नाजूक, तितकं हे टोक लवकर येतं. नुसती पकड आवळायची तर जितकं पेटाल तितकं थोडं. पण स्नॅच हा प्रकार तसा नाही. जमिनीवरचा बार एका ओढीत थेट डोक्यावर न्यायचा आणि त्याच क्षणी आपण त्याच्याखाली बसायचं. बार दोन बोटं पुढे गेला तरी हातातून निसटतो. हे काम ताकदीचं आहेच, पण सुईत दोरा ओवण्यासारखंही आहे.

आता ती गोष्ट सांगतो.

माझ्याकडे एक मुलगी शिकत होती. अंगाने बारीक, पण बार ओढायची तो असा, की बघत राहावं. तिचं एक गाणं ठरलेलं होतं. सुरुवातीला बासरीसारखं काहीतरी वाजायचं आणि मग एकदम ढोल सुरू व्हायचे. ढोलाचा पहिला ठोका पडला, की ती बार ओढायची. नऊ महिने रोज हेच. मीही कौतुकाने तिच्यासाठी गाणं लावून द्यायचो. सरावात तिने बासष्ट किलोचा स्नॅच अनेकदा केला होता.

स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात होती. तिची आई कामावर रजा टाकून, एसटीने चार तासांचा प्रवास करून आली होती. आम्ही पहिल्या प्रयत्नाला अठ्ठावन्न किलो लिहून दिले. हातचं वजन. वॉर्म-अपच्या खोलीत तिच्या कानात गाणं होतं, सगळं छान चाललं होतं. मग तिचं नाव पुकारलं गेलं. कानातलं काढून तिने माझ्या हातात दिलं आणि ती मंचावर गेली.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत नाव पुकारल्यावर साठ सेकंद मिळतात. तेवढ्यात बार जमिनीवरून सुटला पाहिजे. तीस सेकंद उरले, की इशारा वाजतो. खेळाडू बारवर वाकला, की सभागृह शांत होतं. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. ती बारवर वाकली आणि तशीच राहिली. इशारा वाजला तरी ती हलेना. मग एकदम घाई करून तिने बार ओढला. तो पुढे गेला आणि पडला. दुसऱ्या प्रयत्नातही तेच झालं, तिसऱ्यातही तेच. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फुकट गेले, की एकूण वजनाच्या यादीत खेळाडूचं नावच लागत नाही. नऊ महिन्यांची मेहनत पाच-सात मिनिटांत संपली.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती काही बोलली नाही. आईने डबा उघडला, तो तसाच बंद केला. मग केव्हातरी ती म्हणाली, “सर, तिथे इतकं शांत होतं, की सुरू कधी करायचं तेच मला कळेना.”

चूक तिची नव्हती, माझी होती. बार ओढायचा क्षण तिने स्वतःच्या शरीरात शोधावा, हे मी शिकवायला हवं होतं. तो क्षण मी गाण्याच्या स्वाधीन करून टाकला होता. रोज कुबडी देऊन चालायला शिकवायचं आणि परीक्षेच्या दिवशी ती काढून घ्यायची, असला हा प्रकार होता.

आणि आमच्या खेळात चुकीला जागा फार थोडी असते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनगटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलो उचलले होते. एक किलो! साखरेच्या एका पुड्याएवढ्या फरकाने पदकाचा रंग बदलतो.

आता उरली हमालांची आरोळी, म्हणजे जोराचा क्षण जुळवणं. सतत चालणाऱ्या हालचालीत बाहेरची लय उपयोगी पडते. इथिओपियाचा महान धावपटू हैले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमलाच बंदिस्त मैदानातला २००० मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा ‘स्कॅटमॅन’ हे गाणं मैदानात लावायला त्याने सांगितलं होतं. गाण्याचा ठेका त्याच्या पावलांशी जुळत असे. धावणं, सायकल, दोरीच्या उड्या यांना असा ठेका चालतो. पण स्नॅचमध्ये ओढ सुरू झाल्यापासून बार डोक्यावर पोचेपर्यंत दोन सेकंदही लागत नाहीत आणि तेवढ्यात लय बदलते. जमिनीवरून गुडघ्यापर्यंत बार सावकाश, गुडघ्यापुढे वेगात आणि मांडीच्या वर आला की झटका. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर विलंबितातून थेट द्रुतात. कोणत्याही गाण्याचा ठराविक ठेका या लयीशी जुळत नाही. ती आतूनच यावी लागते.

इथे मला जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका प्रयोगाची आठवण होते. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या संशोधकांनी व्यायामाची यंत्रं अशी जोडली, की व्यायाम करणाऱ्याच्या हालचालींतूनच संगीत तयार व्हावं. नुसतं संगीत ऐकत व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्वतःच्या हालचालीतून ते निर्माण करणाऱ्यांना कष्ट कमी वाटले. हे वाचलं आणि मला जात्यावरची बाई आठवली. तीही ऐकत नव्हती, गात होती. तिची ओवी तिच्या हाताच्या फेऱ्यातून उमटत होती.

त्या स्पर्धेनंतर आम्ही व्यायामशाळेत काही बदल केले. तुमच्यापैकी जे वजनं उचलतात किंवा ज्यांची मुलं जिमला जातात, त्यांना ते उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

सुरुवातीला अंग गरम करताना गाणं खुशाल लावा, ज्याला जे आवडेल ते. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके असलेली गाणी व्यायामाला बरी पडतात, असं अभ्यासक सांगतात. हलक्या-मध्यम वजनाच्या लांबलचक सेटनाही गाणं हवंच. तिथे ते खरोखर दोन आवर्तनं जास्त काढून घेतं. पण नवीन कौशल्य शिकताना आणि मोठं वजन उचलताना स्पीकर बंद. प्रशिक्षकाचा शब्द, बारचा आवाज, पायांचा लाकडावर पडणारा ठोका हे सगळं ऐकू आलं पाहिजे. आठवड्यातला एक दिवस आम्ही पूर्ण शांततेचा ठेवला. त्या दिवशी एकेकाचं नाव पुकारायचं, घड्याळ लावायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून गप्प बसायचं. पहिल्या महिन्यात मुलांना हा दिवस नकोसा वाटायचा. व्यायाम संपल्यावर मात्र शांत, संथ गाणी. घरी जाईपर्यंत छातीत ढोल वाजत राहायला नको.

दुसरा नियम अधिक कडक : बारखाली असताना कानात काही घालायचं नाही. यालाही कारण घडलं. एक मुलगा कानात गाणी लावून बेंच प्रेस करत होता. मागे उभ्या असलेल्या मित्राने “घेऊ का?” म्हणून दोनदा विचारलं, ते त्याला ऐकूच आलं नाही. बार एका बाजूला कलला आणि त्याचा खांदा दुखावला. सहा आठवडे तो नुसता बसून होता. थोडक्यात निभावलं, असंच म्हणायचं.

आणि आवाजाची पातळी! ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करण्याची मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो जेमतेम पंधरा मिनिटांवर येतो. स्नायू आज थकले तर उद्या भरून येतात. कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या, की परत येत नाहीत. शेजारी उभ्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर आवाज कमी करा, एवढं साधं माप पुरेसं आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. पुढच्या वर्षी ती त्याच स्पर्धेला गेली. तिच्या आईला या वेळी रजा मिळाली नव्हती. वॉर्म-अपच्या खोलीत तिने गाणं ऐकलं, पण नाव पुकारायच्या तीन-चार मिनिटं आधी ते स्वतःच बंद केलं आणि डोळे मिटून बसली. मंचावर तीच शांतता होती, तोच पंख्याचा आवाज. अठ्ठावन्न किलो उचलले, साठ किलोही उचलले. त्रेसष्ट किलोचा प्रयत्न चुकला. पदक काही मिळालं नाही, ती पाचवी आली. खाली उतरल्यावर मी विचारलं, “आज कळलं का, कधी सुरू करायचं ते?” ती म्हणाली, “श्वास आत घेतला, थोडा थांबला, तेव्हाच.” मग माझ्याकडून मोबाईल घेऊन तिने आधी आईला फोन लावला.

आमच्याकडे संध्याकाळी सहाचं भांडण अजून चालू आहे. ते मी मिटवत नाही. फक्त सातच्या सुमारास उठतो आणि स्पीकर बंद करतो. पोरं जरा कुरकुरतात. मग पट्टे आवळले जातात, हाताला पावडर लागते आणि कोणीतरी बारवर वाकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)